शेततळे घेताय? आधी पाण्याचा हिशेब मांडा, मग पोकलेन बोलवा

गंगापूर तालुक्यातून शेततळ्याबद्दल येणारी पत्रे वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ‘किती खर्च येईल?’ आणि ‘अनुदान किती मिळेल?’ हे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचे असतात. ‘हे तळे भरणार कशाने?’ असे विचारणारे क्वचितच भेटतात. खर्चाचे खरे उत्तर मात्र या तिसऱ्या प्रश्नात आहे. एकाच मापाच्या, एकाच खर्चाच्या दोन तळ्यांपैकी एक टँकरच्या चौथाई भावात पाणी देते आणि दुसऱ्यातले पाणी टँकरइतकेच महाग पडते. हा फरक कुठून येतो ते समजून घ्या. मग निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

तुमच्या तळ्यात पाणी कुठून येणार?

शेततळे दोन प्रकारचे असते. पहिले जमिनीत खोदलेले, उताराच्या खालच्या अंगाला असलेले. शिवारातले पावसाचे पाणी एका बाजूने आत येते आणि जादा झालेले सांडव्यातून बाहेर पडते. दुसरे निम्मे खोदलेले आणि निम्मे भराव टाकून उचललेले. याला चारही बाजूंनी उंच बांध असल्याने पावसाचे वाहते पाणी आत येऊच शकत नाही. ते विहीर, बोअर, कालवा किंवा नदीवरून मोटारीने भरावे लागते. दोन्हींना आपण शेततळेच म्हणतो, पण पहिले पाणी गोळा करते आणि दुसरे फक्त साठवते.

आपल्या तालुक्यात परिस्थिती गावागावाला बदलते. कायगाव टोक्याच्या बाजूला गोदावरी आणि जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा आहे. काही गावांना नांदूर मधमेश्वर जलद कालव्याचे आवर्तन मिळते. लासूर स्टेशनच्या पट्ट्यात शिवना नदी आहे, पण ती वाहते पावसाळ्यात. उरलेल्या मुरमाड शिवाराचा भरवसा पाऊस आणि विहिरीवरच. म्हणून शेजारच्या गावात तळे यशस्वी झाले एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तिथले तळे कशाने भरते ते आधी विचारा.

- पावसाच्या वाहत्या पाण्यावर: सर्वांत स्वस्त पाणी. पण दुष्काळात हेच सर्वांत आधी दगा देते.
- कालव्याच्या आवर्तनावर: दोन आवर्तनांमधली ओढ भरून काढायला तळे फार उपयोगी पडते. मात्र कालव्यावरून उपसा करायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि पाणीवापर संस्था असेल तर तिच्या पाळीपत्रकात तुमचे पाणी बसले पाहिजे. फुगवट्यावरून किंवा नदीवरून उपसा करायलाही परवानगी हवीच.
- विहिरीवर किंवा बोअरवर: विहीर पावसाळ्यात तुडुंब असताना आणि आजूबाजूच्या विहिरींनाही पाणी असताना वरवरचे पाणी तळ्यात घेणे समजू शकतो. पण नोव्हेंबरपासून बोअर चालवून तळे भरणे म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवणे. त्यात नवे पाणी एक थेंबही तयार होत नाही. वीज जाते, बाष्पीभवन होते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. फक्त बोअरवर भरायचे तळे घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तोच पैसा ठिबक आणि विहीर पुनर्भरणात घाला.

तळे भरण्यासाठी नवी विहीर किंवा बोअर घेण्याचा बेत असेल तर कायदाही पाहा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे आणि ६० मीटरपेक्षा खोल विहीर कायद्याने ‘खोल विहीर’ ठरते. तिच्यासाठीचे निर्बंध आणखी कडक आहेत.

३० बाय ३० च्या तळ्यात नेमके किती पाणी?

सगळ्यांच्या तोंडी असलेले माप ३० × ३० × ३ मीटर. बाजूंना १:१ उतार दिला की तळ २४ × २४ मीटरचा राहतो आणि तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो. आता त्यातले हाती किती लागते ते पाहू.

आपल्याकडे नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी उन्हा-वाऱ्याने उडते असे धरा. हिवाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये बरेच जास्त. सात महिन्यांचे मिळून सुमारे एक मीटर होते. तीन मीटरपैकी एक मीटर म्हणजे तिसरा हिस्सा गेला असे वाटेल, पण तळे वर रुंद आणि खाली अरुंद असते. वरच्या एका मीटरमध्येच साडेआठ लाख लिटर असते. प्लास्टिकचा कागद टाकलेले, एक थेंबही न झिरपणारे तळे घेतले तरी २२ पैकी साडेतेरा लाख लिटरच तुमच्या वाट्याला येतात.

साडेतेरा लाख लिटरमध्ये काय होते?

- एका एकराला २ इंच पाणी मोकाट द्यायला सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे एका एकराची सहा-सात पाणी.
- मोसंबीची ६ × ६ मीटरवरची बाग असेल तर एकरी ११२ झाडे. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला ८० लिटर धरले तर शंभर दिवसांना एकरी ९ लाख लिटर. म्हणजे दीड एकर बाग.

तळे घेतले म्हणून पाच एकर मोसंबी लावली, ही चूक अनेकांना महागात पडली आहे. बाग दीड एकराचीच जगते. उरलेल्या साडेतीन एकरांना पुन्हा टँकर लागतो.

लहान तळ्यात हिशेब आणखी बिघडतो. १५ × १५ × ३ मीटरच्या तळ्यात ४ लाख ४१ हजार लिटर मावते, आणि एक मीटर उडाल्यावर २ लाख ४५ हजारच उरते. जागा कमी म्हणून लहान तळे घेत असाल तर त्याचा उपयोग पावसाच्या खंडात एखादे संरक्षित पाणी देण्यापुरता धरा. त्यावर उन्हाळा काढण्याचे नियोजन करू नका.

दुष्काळाच्या वर्षाचा हिशेब वेगळा मांडा

शेततळे घेतो आपण दुष्काळासाठी. म्हणून हिशेब दुष्काळाचाच हवा.

वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला १५ टक्के वाहून तळ्याकडे आला असे धरले, तर २,१९६ घनमीटरचे तळे भरायला सुमारे ६ एकराचे पाणलोट क्षेत्र लागते. हे क्षेत्र तुमच्याच मालकीचे असायला हवे असे नाही, पण त्याचे पाणी तुमच्याकडे उतरले पाहिजे. आता पाऊस ४०० मिलिमीटरच झाला आणि वाहणारा हिस्सा १० टक्क्यांवर आला असे समजा. पाऊस एक तृतीयांशाने घटला, पण तळ्यातले पाणी निम्म्याहून कमी झाले. ९ लाख ७६ हजार लिटर आले आणि तळे बरोबर दीड मीटर भरले. त्यातला एक मीटर उडणार. मेअखेरपर्यंत राखून ठेवले तर हाती उरतात जेमतेम ३ लाख लिटर.

यातून दोन निर्णय निघतात. एक, तळे अर्धेच भरलेल्या वर्षी पाणी मेपर्यंत राखू नका. डिसेंबर-जानेवारीत गहू, हरभरा, कांद्याला देऊन मोकळे व्हा. दोन, फक्त पावसावर भरणाऱ्या तळ्याच्या जिवावर फळबाग लावू नका. बागेला विहीर किंवा आवर्तनाचा दुसरा आधार असेल तरच तळे तिला तारते. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या वाळलेल्या बागा तोडून सरपण करावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे शेकडो शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या, हे खरे. पण तिथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. तळी नंतर आली. आधीचे काम सोडून नुसती तळीच उचलली, तर तो नमुना लागू पडत नाही.

खर्च असा मांडा

खालचे दर उदाहरणादाखल धरलेले आहेत. तुमच्या गावात आज जो दर चालू आहे तो त्या जागी टाका.

- खोदाई: २,१९६ घनमीटर, घनमीटरला ५० रुपये धरून १ लाख १० हजार. खाली कठीण खडक लागला तर हा आकडा पार बदलतो. म्हणून आधी दोन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या.
- कागद: तळ, बाजू आणि वर चरात गाडायचा भाग मिळून सुमारे १,२०० चौरस मीटर. चौरस मीटरला १०० रुपये धरून १ लाख २० हजार.
- कुंपण: बांधासह बाहेरचा घेर १६० मीटर. मीटरला २५० रुपये धरून ४० हजार.
- गाळ अडवण्याचा खड्डा, सांडवा, पाइप, दोर: १५ हजार.

बेरीज २ लाख ८५ हजार. बहुतेकांचा हिशेब इथे संपतो, पण दोन गोष्टी बाकी असतात.

पहिली जमीन. ३० मीटरच्या खड्ड्याभोवती पाच-पाच मीटर बांध धरला की ४० × ४० मीटर, म्हणजे १६ गुंठे जमीन कायमची जाते. एकरी ४० हजार निव्वळ उत्पन्न धरले तर वर्षाला १६ हजारांचे पीक गेले. दोन-अडीच एकरवाल्याला हे फार जड आहे.

दुसरी कागद पुन्हा बदलण्याचा खर्च. खोदाई वीस वर्षे टिकते, कागद तेवढा टिकत नाही. तो सात वर्षांनी बदलायचा असे धरा. मग वर्षाचा खर्च असा: खोदाईचे ५,५००, कागदाचे १७,०००, कुंपण वगैरेचे ५,५००, गाळ आणि दुरुस्तीचे ४,०००, जमिनीचे १६,०००. एकूण ४८ हजार. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे.

तळे पूर्ण भरले आणि साडेतेरा लाख लिटर वापरले तर १० हजार लिटरच्या टँकरइतके पाणी सुमारे ३५५ रुपयांना पडते. टँकर दीड हजाराला मिळत असेल तर तळे निःसंशय परवडते. पण दीड मीटरच भरून ३ लाख लिटरच हाती आले, तर तेच पाणी १,६०० रुपयांना पडते. तुमच्या मागच्या दहा वर्षांत चांगली वर्षे किती आणि वाईट किती हे घरातल्या जुन्या माणसांबरोबर बसून मोजा. दहापैकी सात वर्षे तळे भरेल अशी खात्री असेल तर पुढे जा.

अनुदान: काय मिळते, काय चुकते

‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कमाल अनुदान ५० हजार होते. पुढे ती मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आली आणि कमाल मर्यादा ७५ हजार झाली. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. शेततळ्याची खोदाई आणि अस्तरीकरण या दोन वेगळ्या बाबी आहेत. ‘तळे मंजूर झाले’ म्हणजे कागदही मंजूर झाला असे समजू नका.

अनुदान एकूण खर्चाच्या चौथाईच्या आसपास आहे आणि ते काम पूर्ण होऊन मोजणी झाल्यावर आधारशी जोडलेल्या खात्यात येते. तोवर सगळा पैसा तुमच्या खिशातून जातो.

- पूर्वसंमती मिळण्याआधी खोदू नका. पोकलेन गावात आले, भाड्यात सूट मिळते म्हणून घाईने खोदलेले तळे अनुदानाला मुकते.
- मंजूर मापाप्रमाणेच खोदा. मोठे खोदायचे असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला आधी विचारा.
- सातबारा सामाईक असेल तर भावांची संमती लेखी घ्या. तळे ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्याकडे पाण्याचा हक्कही जातो का, हे त्याच कागदावर लिहून ठेवा. वाटणीनंतरची भांडणे इथूनच सुरू होतात.
- नाल्याच्या पात्रात किंवा नैसर्गिक प्रवाह अडेल अशा जागी तळे घेऊ नका. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या उभ्या पिकात जाणार नाही याची सोय करा.

आणखी एक गोष्ट. रस्त्याचे काम घेतलेला ठेकेदार ‘तळे फुकट खोदून देतो, मुरूम मी नेतो’ असे म्हणत येतो. व्यवहार वाईट नाही, पण मुरूम गौण खनिज आहे. तो शेताबाहेर न्यायचा तर तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन भरल्याची पावती लागते. परवाना कुणाच्या नावाने आहे ते पाहा, कारण दंडाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने येते. खोली, उतार आणि बांधाची दबाई लिहून घ्या. ठेकेदाराला मुरूम हवा असतो. तुमच्या तळ्याचा उतार नीट असण्याशी त्याला देणेघेणे नसते.

कागद घेताना आणि टाकताना

शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा आणि आयएस १५३५१ मानकाचा घ्या. मानकचिन्ह गुंडाळीवर पाहा, नुसते बिलावर नको. स्वस्तातला पातळ कागद उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतो.

गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत १:१ उतार ढासळतो. तिथे दीडास एक उतार द्या. पाणी थोडे कमी मावेल, पण बाजू टिकतील. फुगवट्याच्या जवळ पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि खालून कागद उचलते. तिथे तळ उथळ ठेवा. बाजूंचे दगड, मुळ्या, खुंट काढून बारीक मातीचा थर दाबून घ्या. जोड यंत्रानेच मारून घ्या आणि प्रत्येक जोड तुमच्यासमोर तपासायला सांगा. तळे रिकामे झाले तरी तळाशी फूटभर पाणी राहू द्या. वाऱ्याने कागद उडत नाही आणि उन्हाचा मारही थोडा वाचतो.

खोदाई जानेवारी ते एप्रिलमध्ये उरका आणि मेअखेर कागद पडलेला असू द्या. भराव नीट दबलेला नसताना घाईने टाकलेला कागद पहिल्या मोठ्या पावसात भराव खचल्यावर जोडावर फाटतो.

कुंपण हा ऐच्छिक खर्च नाही

पैसे कमी पडले की सगळ्यांत आधी कुंपण रद्द होते. कृपा करून असे करू नका. दर उन्हाळ्यात शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला काठ असतो. ओल्या कागदावर मात्र पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसते आणि पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच अडकतो.

- चारही बाजूंनी किमान पाच फूट जाळीचे कुंपण आणि कुलूप लावता येईल असे फाटक.
- चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर, वरच्या बाजूला खांबाला बांधलेले आणि तळापर्यंत सोडलेले.
- हवा भरलेल्या दोन ट्यूब किंवा रिकामे बंद कॅन दोराला बांधून काठावर.
- मोटार, फूटव्हॉल्व्ह काढायला एकट्याने उतरायचे नाही, हा घरातला आणि सालगड्यासाठीचाही पक्का नियम.

वाळूजच्या बाजूला शेतावर पर्यटक आणण्याचा विचार करणारे काही वाचक विचारतात, की शेततळ्यातच पोहण्याची सोय केली तर चालेल का? चालणार नाही. पोहण्याचा तलाव उथळ, न घसरणारा, पायऱ्यांचा आणि पाणी रोज गाळून शुद्ध करणारा असावा लागतो. शेततळ्यात यातले काहीही नसते. पर्यटकांसाठी हवा असेल तर छोटा, चार फुटांचा वेगळा हौद बांधा, त्याचे पाणी नंतर बागेला द्या आणि शेततळ्याच्या फाटकाला कुलूप ठेवा.

दुर्दैवाने शेतकऱ्याचा किंवा घरातल्या पात्र सदस्याचा बुडून मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. अनेक कुटुंबे दुःखात हे कागद करत नाहीत आणि हक्क जातो. शेजाऱ्यांनी, सरपंचांनी पुढाकार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज लवकर पोहोचवावा.

फसवणूक झाली तर

कागदाचे जीएसटीसह पक्के बिल, हमीपत्र, गुंडाळीवरच्या मानकचिन्हाचा फोटो आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा. हमी किती वर्षांची आणि ती फक्त कागदाची की जोडांचीही, हे लिहून घ्या. बहुतेक वाद जोडावरूनच होतात. कागद बनवणारा जोडणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि जोडणारा बनवणाऱ्याकडे. शक्य तर पुरवठा आणि जोडणी एकाच बिलात घ्या.

गळती दिसली तर पाण्याच्या पातळीची रोजची नोंद आठ-दहा दिवस करा. बाष्पीभवनाने दिवसाला ५ ते १० मिलिमीटरच उतरते. त्याहून बरेच जास्त उतरत असेल तर ते झिरपणे आहे आणि ही नोंदवही तुमचा पुरावा आहे. विक्रेत्याला लेखी कळवा, पोच घ्या. उत्तर न आल्यास छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. अनुदान अडले असेल तर पोर्टलवरील अर्जाच्या स्थितीची प्रत काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा. महिनाभरात उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची आणि आपल्या प्रस्तावावरील शेऱ्यांची प्रत मागा.